डीडीडी उघडताच बोर्डाला जोडलेला हवा: टर्मिनलवरून होतं, आयकॉनवरून होत नाही

सांवेररोड_पंपवाला

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. सांवेर रोडवर आमचं छोटं युनिट आहे, शेतातल्या सबमर्सिबल पंपांची कंट्रोल पॅनल्स बनवतो. आत एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर. फेज गेली, बोअरचं पाणी संपलं, व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) सोडायचा, एवढंच त्याचं काम. फर्मवेअर मी लिहितो.

टेस्टिंगला एक काका आहेत. आयुष्यभर मोटर वाइंडिंग केलेला माणूस. मोटर नुसती ऐकून बेअरिंग गेलंय का ते सांगतात, पण टर्मिनलची काळी खिडकी दिसली की चष्मा काढून बाजूला ठेवतात. त्यांना डीडीडी (जीडीबी डीबगरवरची खिडकी) चालतो, कारण त्यात बटणं आहेत आणि तिन्ही फेजचे आकडे डिस्प्लेच्या चौकटीत समोर दिसतात. पण तिथवर पोचायला एका टर्मिनलमध्ये ओपनओसीडी (जीडीबी आणि बोर्डामधला दुभाष्या) चालू करा, मग डीडीडी उघडा, मग खालच्या कन्सोलमध्ये टार्गेट, रीसेट, लोड, ब्रेकपॉइंट, कंटिन्यू हे सगळं हाताने टाका. वहीत लिहून दिलंय. तरी परवा कोलनच्या जागी सेमीकोलन पडला आणि ‘तुझं यंत्र आज रुसलंय’ म्हणून चहाला निघून गेले.

म्हणून त्या सगळ्या आज्ञा प्रोजेक्टच्या फोल्डरात डॉट-जीडीबीइनिट फाइलीत (जीडीबी सुरू होताना वाचतो ती) टाकल्या. आधी जीडीबीने ‘ऑटो-लोडिंग नाकारलं’ अशी सूचना दिली, मग होम फोल्डरातल्या डॉट-जीडीबीइनिटमध्ये अ‍ॅड-ऑटो-लोड-सेफ-पाथची ओळ घातली. आता टर्मिनलमधून डीडीडी सुरू केला की मस्त जोडला जातो, मेनवर येऊन थांबतो.

पण डेस्कटॉपवर आयकॉन केला, त्यात ईएलएफचा (कंपाइल झालेल्या फर्मवेअरच्या फाइलीचा) पूर्ण पत्ता दिला, तर डीडीडी उघडतो, सोर्स दिसतो, जोडणी मात्र नाही. एररही नाही. कन्सोल कोरा. उबंटू २२.०४, डीडीडी ३.३.१२, जीडीबी-मल्टीआर्क, पीसी आणि बोर्ड जोडणारा डाँगल एसटी-लिंक व्ही२ जातीचा, जेल रोडवरून आणलेला.

भिया लोकहो, आयकॉनला टर्मिनलपेक्षा काय कमी पडतंय?

(फोनचा कीबोर्ड मराठीवर आहे, म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय. तुम्हीही तसंच लिहा, मी समजून घेईन.)

कोथरूडचा_कोडर

भाऊ, ३.३.१२ ही २००९ सालची आवृत्ती आहे. व्हीएस कोड घाल, त्यात कॉर्टेक्स-डीबग एक्स्टेंशन टाक. लाँच.जेसन फाइलीत सर्व्हरटाइप ओपनओसीडी, कॉन्फिगफाइल्समध्ये एसटी-लिंक आणि एसटीएम३२एफ१एक्सच्या दोन फाइली, रन-टू-एंट्री-पॉइंट मेन. एफ५ दाबलं की तो स्वतः ओपनओसीडी उठवतो, पोर्ट ठरवतो, जोडतो, भरतो, मेनवर थांबतो. बंद केलं की ओपनओसीडीही आवरून ठेवतो. तू जे हाताने रचतोयस ते तिथे तयार मिळतं.

सांवेररोड_पंपवाला

दादा, माझ्या लॅपटॉपवर तेच आहे. टेस्टिंगच्या पीसीत ४ जीबी रॅम आहे आणि मालक नवा घेणार नाहीत. शिवाय काकांना आता नवीन खिडकी शिकवायची म्हणजे मलाच बूट घालून परत पहिलीत बसावं लागेल. डीडीडीतच जमवायचंय.

रामबाग_फर्मवेअर

जमेल की. मीही इंदूरचीच, घरून फर्मवेअरची कामं करते, आणि डीडीडी अजून वापरते. कोथरूडकरांनी हसून घ्यावं. लिंक्ड लिस्ट चौकटी आणि बाणांनी उलगडून दाखवायची त्याची पद्धत मला अजून दुसरीकडे तशी मिळालेली नाही.

आयकॉनचं आधी उरकते. प्रोजेक्टची डॉट-जीडीबीइनिट जीडीबी शोधतो ती ‘चालू फोल्डर’मध्ये, म्हणजे तो जिथून सुरू झाला तिथे. ईएलएफ कुठे ठेवलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टर्मिनलमध्ये तू सीडी करून प्रोजेक्टात जातोस, म्हणून फाइल सापडते. आयकॉनवर क्लिक केल्यावर डेस्कटॉप त्याला तुझ्या होममध्ये उभा करतो. तिथे ती फाइल नाहीच, मग एरर कशाची देणार? डेस्कटॉप फाइलीत ‘पाथ=’ अशी एक ओळ घालता येते, त्यात प्रोजेक्टचा फोल्डर दिला की झालं. पुढे कधी आर्मची टूलचेन ऑप्टमध्ये टाकून तिचा पत्ता टर्मिनलच्या बॅशआरसी फाइलीत लिहिलास, तर आयकॉनला तोही दिसणार नाही. डेस्कटॉप बॅशआरसी वाचत नाही.

पण मी तुझ्या जागी असते तर डॉट-जीडीबीइनिटच्या भानगडीतून बाहेर पडले असते. त्याच फोल्डरात उद्या तू पीसीवरचा युनिट टेस्ट डीबग करायला जीडीबी उघडशील आणि तो मुकाट्याने बोर्डाला जाऊन चिकटेल. होममधल्या फाइलीत टार्गेटची ओळ घालणारेही पाहिलेत मी. ती फाइल तर ईएलएफ वाचायच्या आधीच चालते, त्यामुळे लोडच्या ओळीला भरायला हातात काही नसतं.

त्यापेक्षा जोड.जीडीबी अशी वेगळी फाइल कर:

सेट कन्फर्म ऑफ
सेट पेजिनेशन ऑफ
टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट लोकलहोस्ट:३३३३
मॉनिटर रीसेट हॉल्ट
लोड
मॉनिटर रीसेट हॉल्ट
टीब्रेक मेन
कंटिन्यू

आणि आयकॉनच्या ‘एक्झेक=’ ओळीत: डीडीडी, मग डॅश-डॅश-डीबगर जीडीबी-मल्टीआर्क, मग डॅश-डॅश-कमांड बरोबर जोड.जीडीबीचा पूर्ण पत्ता, शेवटी ईएलएफचा पूर्ण पत्ता. अशी नाव घेऊन दिलेली फाइल सेफ-पाथच्या कायद्यात येत नाही, तेव्हा होममधली ती ओळ काढून टाक. उबंटूवर आयकॉनला एकदा राइट-क्लिक करून ‘अलाऊ लाँचिंग’ही द्यावं लागतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक, आज्ञा फाइलीत असल्या की पहिली चुकली की पुढच्या चालतच नाहीत. आपल्याला तेच हवंय. याच आज्ञा डॅश-ईएक्स, डॅश-ईएक्स करून कमांड लाइनवर एकामागे एक लावल्या तर प्रत्येक आपापली चालते. जोडणी फसली तरी लोड धावतो आणि कन्सोलमध्ये भलताच एरर वाचत बसावं लागतं. दुसरी, शेवटच्या कंटिन्यूच्या आधी ब्रेकपॉइंट हवाच. बोर्ड थांबला नाही तर जीडीबी प्रॉम्प्ट देत नाही, डीडीडी सुरुवातीला त्या प्रॉम्प्टचीच वाट बघत असतो, आणि खिडकी गोठल्यासारखी दिसते. ब्रेकऐवजी टीब्रेक अशासाठी की फ्लॅशमधल्या कोडवर एफ१०३ ला हार्डवेअर ब्रेकपॉइंट सहाच मिळतात. तात्पुरता असला की काम झाल्यावर आपली जागा मोकळी करतो.

आता मला सांग, काका हे टेबलावरच्या सुट्या बोर्डावर करतात की मोटर लावलेल्या पॅनलवर? आणि बोर्डाचा सप्लाय ट्रान्सफॉर्मरचा की कपॅसिटर ड्रॉपरचा?

सांवेररोड_पंपवाला

ताई, चाललं! काकांनी स्वतः डबल-क्लिक केलं आणि ‘हं, आता कसं’ एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे पुरस्कार.

ओपनओसीडीसाठी स्क्रिप्टच्या वरच ‘शेल ओपनओसीडी … अँड’ अशी ओळ टाकून तो मागे चालवला. पण डीडीडीत इंटरप्ट दाबला की बोर्ड थांबायच्या ऐवजी ओपनओसीडीच मरतो. आणि बोर्डाला वीज द्यायची राहिली असेल तर डीडीडी बराच वेळ दगड होऊन बसतो, मग काका परत परत क्लिक करतात आणि चार डीडीडी उघडतात.

तुमच्या प्रश्नांचं उत्तर: नवीन बोर्ड टेबलावर, मोटर नाही. पण तक्रारीची पॅनल्स परत येतात ती आम्ही मोटर लावून चालवतो आणि बिघाड दिसला की तसंच जोडतो. सप्लाय नव्या मॉडेलला आयसोलेटेड एसएमपीएस, जुन्याला कपॅसिटर ड्रॉपर.

लश्कर_ग्वाल्हेर

इंटरप्टचं मी सांगतो. शेलने मागे सोडलेला ओपनओसीडी जीडीबीच्याच प्रोसेस ग्रुपमध्ये राहतो. इंटरप्ट म्हणजे कंट्रोल-सी, तो सगळ्या ग्रुपला जातो, आणि ओपनओसीडी त्याचा अर्थ ‘दुकान बंद करा’ असा घेतो. ओळीच्या आधी सेटसिड लावलंस तर वेगळा होईल, पण मग डीडीडी बंद केल्यावर तो मागे भुतासारखा उरेल, आणि पुढच्या वेळी ३३३३ पोर्ट अडलेला.

त्याहून सोपं म्हणजे पोर्टच नको. टार्गेटच्या ओळीत लोकलहोस्टच्या जागी पाइपची उभी रेघ टाक:

टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट | ओपनओसीडी -एफ इंटरफेस/एसटीलिंक.सीएफजी -एफ टार्गेट/एसटीएम३२एफ१एक्स.सीएफजी -सी "जीडीबी_पोर्ट पाइप; लॉग_आउटपुट ओसीडी.लॉग"

जीडीबी स्वतः ओपनओसीडीला जन्म देतो, पाइपमधूनच बोलतो, आणि पाइपवरच्या प्रोग्रामला वेगळ्या सेशनमध्ये टाकतो, म्हणून कंट्रोल-सी तिथवर पोचत नाही. जीडीबी गेला की ओपनओसीडीही जातो. लॉग_आउटपुट विसरू नकोस. त्या पाइपमध्ये फक्त जीडीबीचीच बोली चालते, ओपनओसीडीच्या गप्पा मधे आल्या तर सगळा गोंधळ. लॉगचा पत्ताही पूर्ण दे, नाहीतर ती फाइल आयकॉनच्या कृपेने होममध्ये जाऊन पडेल.

दगड होण्याचं कारण वेगळं आहे. टीसीपीवर जोडणी नाकारली गेली तर जीडीबी लगेच हार मानत नाही, १५ सेकंद पुन्हा पुन्हा ठोठावतो. सर्व्हर आणि जीडीबी एकदम सुरू होतात तेव्हा सर्व्हरला उठायला वेळ मिळावा म्हणून मुद्दाम ठेवलेली सोय आहे ती. तुझा ओपनओसीडी वीज नसल्यामुळे आधीच मरून गेलेला, आणि हा बंद दारावर थापा मारतोय. सेट टीसीपी कनेक्ट-टाइमआउट ३ केलंस तर लवकर सोडेल, पण पाइप घेतल्यावर तो प्रश्नच राहत नाही. ओपनओसीडी गेला की जीडीबीला त्याच क्षणी कळतं.

रामबाग_फर्मवेअर

पाइपला माझं अनुमोदन. फक्त काका ओसीडी.लॉग उघडून वाचणार नाहीत, त्यामुळे वीज नसल्याचं त्यांना मराठीत सांगायला हवं. आयकॉनमधून थेट डीडीडी न बोलावता एक छोटी शेल स्क्रिप्ट बोलाव. तिच्यात आधी ओपनओसीडी त्याच दोन फाइलींसह, पण शेवटी -सी "इनिट; शटडाउन" असा चालव. बोर्ड दिसला तर तो शून्य परत करतो, नाही दिसला तर शून्य नाही. नसेल तर झेनिटीने चौकट दाखव: ‘बोर्डाला वीज नाही किंवा डाँगल सुटलाय’. असेल तर डीडीडी. ही तपासणी बोर्डाला थांबवत नाही, रीसेटही करत नाही. हे पुढे कामाचं आहे.

आता परत आलेल्या पॅनल्सचं, ज्यासाठी मी मगाशी विचारलं होतं. तो आयकॉन तिथे वापरू नका. माझं सगळं सांगणं याच्यासाठीच होतं.

पहिलं म्हणजे त्यात लोड आहे. शेतकऱ्याच्या पॅनलमध्ये जो बिघाड दिसतोय तो तुझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि तू डबल-क्लिकने चिप रीसेट करून वर नवं फर्मवेअर ओतणार. रजिस्टरं गेली, स्टॅक गेला, जुना कोडही गेला. मग ‘आमच्याकडे तर नीट चालतंय’ म्हणून पॅनल परत, आणि पुढच्या पाणीपाळीला पुन्हा तीच तक्रार.

दुसरं त्याहून वाईट. लोड आणि रीसेट काढून टाकलेस तरी जीडीबी जोडला गेला की ओपनओसीडी प्रोसेसर थांबवतो, तो त्याचा नेहमीचा रिवाज आहे. प्रोसेसर थांबला म्हणून पिना थांबत नाहीत, त्या शेवटच्या स्थितीत तशाच राहतात. रिले ओढलेला असेल तर ओढलेलाच. कॉन्टॅक्टर आत, मोटर चालू, आणि ड्राय-रन, फेज-फेल्युअर बघणारा कोड मात्र गाढ झोपलेला. वॉचडॉग (कोड अडकला की चिप रीसेट करणारा टायमर) येऊन सोडवेल म्हणशील, तर ओपनओसीडीची एफ१ ची कॉन्फिग फाइल हॉल्टमध्ये वॉचडॉगही थांबवून ठेवते, नाहीतर ब्रेकपॉइंटवर उभं राहता आलं नसतं. म्हणजे त्या पॅनलमध्ये मोटर वाचवणारं कोणीच जागं नसतं. डीडीडी जोडायचा तर आधी मोटरच्या वायरी काढ, कॉन्टॅक्टरच्या जागी बल्ब लाव.

तेव्हा आयकॉन दोन कर. नव्या बोर्डाचा आत्ताचा. दुसरा ‘परत आलेले’, त्याची जीडीबी फाइल छोटी: कन्फर्म ऑफ, पेजिनेशन ऑफ, पाइपवाली टार्गेटची ओळ, मग कंपेअर-सेक्शन्स -आर, मग इन्फो रजिस्टर्स, मग बॅकट्रेस. बस. कंपेअर-सेक्शन्स चिपमधला कोड तुझ्या ईएलएफशी ताडून बघतो. ‘मिस-मॅच्ड’ आलं तर पॅनलमध्ये जुनी आवृत्ती आहे. समोर दिसणाऱ्या सोर्सच्या ओळींवर मग काडीचा भरवसा ठेवू नकोस, जुना ईएलएफ शोधून आण. विकलेल्या प्रत्येक आवृत्तीचा ईएलएफ जपून ठेवत नसशील तर आजपासून ठेव.

आणि डीडीडीच्याही आधी एक काम, चालू पॅनलला धक्का न लावता. कॉर्टेक्स-एम मध्ये प्रोसेसर पळत असतानाही डीबग पोर्टमधून मेमरी वाचता येते. त्या तपासणीच्या ओळीत इनिट आणि शटडाउनच्या मधे एमडीडब्ल्यू (मेमरी वाचायची आज्ञा) घालून आरसीसी-सीएसआर रजिस्टर वाच, आधीच्या रीसेटचं कारण त्यात असतं. २९ वा बिट एक असेल तर वॉचडॉगने रीसेट मारला होता, २७ वा असेल तर वीज जाऊन आली होती. मात्र वॉचडॉगचा बिट वीज काढली की पुसला जातो, आणि तुझं फर्मवेअर सुरुवातीला हे झेंडे साफ करत असेल तर इथे काही मिळणार नाही. आधी ते कोडमध्ये बघून घे.

कपॅसिटर ड्रॉपरचं शेवटी लिहितेय, पण करायचं आधी. त्या बोर्डाची ग्राउंड मेन्सपासून वेगळी नसते. तिथे एसटी-लिंकची ग्राउंड लावलीस की ती यूएसबीतून पीसीच्या बॉडीपर्यंत आणि तिथून अर्थिंगपर्यंत जाते. नशिबाने न्यूट्रल त्या बाजूला आला तर काहीच होत नाही, आणि म्हणूनच लोकांचं फावतं. उलटा प्लग लागला की डाँगल, पोर्ट, आणि काकांचा हात. जुन्या मॉडेलला मेन्स लावून डीबगर जोडायचाच नाही. बोर्डाला बाहेरून आयसोलेटेड ५ व्होल्ट दे. मेन्सवरच बघायची वेळ आली तर बोर्डाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि डाँगलला यूएसबी आयसोलेटर, दोन्ही. एडीयूएम४१६० चिपवाला चालतो. तो फुल-स्पीडपर्यंतच जातो, आणि एसटी-लिंक व्ही२ तेवढाच आहे.

सांवेररोड_पंपवाला

ताई, जुनं मॉडेल आजपासून बाहेरच्या सप्लायवर. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘मला ठाऊक होतं, म्हणून मी लाकडी स्टुलावर बसतो.’ काय बोलणार!

फर्मवेअर झेंडे साफ करत होतं, आता आधी मूल्य एका नो-इनिट (सुरुवातीला न पुसल्या जाणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवतो, मग साफ करतो. दोन आयकॉन केलेत, ‘नवा बोर्ड’ हिरवा, ‘परत आलेले’ लाल. एकच शंका राहिली. दोन डाँगल एकाच पीसीला लावले, एक टेबलाचा आणि एक आयसोलेटरमागचा, तर हिरव्या आयकॉनने चुकून लाल डाँगल पकडला तर?

लश्कर_ग्वाल्हेर

पकडेल, कारण जो आधी सापडला तो त्याचा. दोन्ही फाइलींत डाँगलचा सिरियल नंबर बांधून टाक. उबंटू २२.०४ वरच्या ०.११ मध्ये एचएलए_सिरियल, ०.१२ पासून अ‍ॅडॅप्टर सिरियल. इंटरफेसच्या फाइलीनंतर -सी ने द्यायचा. नंबर एलएसयूएसबी -व्ही ने दिसतो. आणि हो, तपासणीच्या ओळीतही तोच नंबर घाल, नाहीतर तपासशील एक आणि जोडशील दुसराच.

रामबाग_फर्मवेअर

जेल रोडच्या डाँगलांचे सिरियल आधी ताडून बघ. दोघांचा एकच निघाला तर त्यांच्यात फरक करणं ओपनओसीडीच्या हातात नाही, मग एका वेळी एकच लावायचा.